पिल्लू लंगडतंय? कॅल्शियमची बाटली आधी खाली ठेवा!

मे महिना आला की दादर-परळचा चाकरमानी गावी येतो. हल्ली त्याच्याबरोबर कधीमधी एक पिल्लूही येतं. अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड, नाहीतर लॅब्राडोर. हौसेनं घेतलेलं, पण दादरच्या दोन खोल्यांत मावेनासं झालेलं. ‘‘काका, तुमच्याकडं अंगण आहे, मळ्यात राखणीला होईल,’’ असं म्हणून पुतण्या ते तुमच्या दारात बांधून जातो.

पाच-सहा महिन्यांचं होतं आणि एक दिवस लंगडायला लागतं. कुणी म्हणतं पाय मुरगळला, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलं. मेडिकलातून बाटली येते, शेजारी दुखण्याची गोळी सुचवतो. बऱ्याचदा इथंच घात होतो आणि जन्मभर राखण करणारं जनावर वर्षाच्या आत निकामी होतं.

वाढ झेपली पाहिजे

गाईचं वासरू वर्षभरात जन्माच्या वजनाच्या पाच-सात पट होतं. जर्मन शेफर्डचं पिल्लू जन्मतं अर्ध्या किलोचं आणि वर्षात जातं तीस किलोच्या घरात, म्हणजे साठ पट! एवढा भार कोवळ्या हाडांवर आणि सांध्यांतल्या कूर्चेवर पडतो. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हाडांची टोकं कच्चीच असतात. युरिया जास्त झालेला गहू तरारून वर येतो आणि वाऱ्याबरोबर लोळतो, तशीच गत अति खाऊ घातलेल्या पिल्लाची होते.

अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर प्रयोग झाला. निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. त्यांचे खुबे चांगले राहिले आणि ती सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. म्हणून पिल्लू गुबगुबीत दिसण्यात भूषण मानू नका. फासळ्या हाताला लागाव्यात आणि वरून पाहिलं तर कंबर दिसावी, हे खरं माप.

लंगडण्याची कारणं अनेक

आधी पंजा उलटा करून पाहा. बाभळीचा काटा, सराटा, बोटांत घुसलेलं कुसळ निघालं तर तिथंच काम झालं. तसं काही नसेल तर पुढच्या खुणा ध्यानात ठेवा.

• मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उड्या मारत पळणं, बसल्यावर उठताना कष्ट होणं: खुब्याचा सांधा सैल असण्याची शंका. हा दोष बऱ्याच अंशी आई-बापाकडून येतो.

• पुढचा पाय आखडणं, विश्रांतीनंतर उठल्यावर जास्त लंगडणं: कोपराचा किंवा खांद्याचा सांधा.

• आज एक पाय, आठ-पंधरा दिवसांनी दुसरा: पाच ते अठरा महिन्यांच्या पिल्लांत, विशेषतः जर्मन शेफर्डच्या नरांत, हाडांच्या आतल्या दाहामुळे असं होतं. हे दुखणं वयाबरोबर बरं होतं, पण तसा निर्वाळा डॉक्टरनीच द्यायचा.

• मनगटाच्या वर सूज, ताप, खाणं बंद: थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• अंगावर गोचीड, ताप आणि सांधे दुखणं: गोचीड-तापासाठी रक्त तपासून घ्या.

कॅल्शियम कमी नको, जास्तही नको

नुसती भाकरी, नुसता भात किंवा नुसतं मांस यांवर वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडतं. मांसात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढून वापरतं, हाडं मऊ होतात, वाकतात, साध्या उडीनं मोडतात. उन्हात बसवूनही भागत नाही, कारण माणसासारखं ‘ड’ जीवनसत्त्व कुत्र्याच्या कातडीत पुरेसं तयार होत नाही. ते खाण्यातूनच जावं लागतं.

पण दुसरी बाजूही ऐका. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जादा आलेलं कॅल्शियम आतड्यात नीट अडवता येत नाही. हॉलंडमध्ये १९८०च्या दशकात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं, तेव्हा हाडांची वाढ बिघडून पिल्लं लंगडू लागली. तेव्हा मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य चालू असेल तर वरून बाटली नकोच. घरचं खाणं असेल तर काय खातं ते डॉक्टरना सांगून मात्रा ठरवून घ्या.

फरशी, जिना आणि माती

नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी हिंडणाऱ्यांत कमी. दादरच्या जुन्या इमारतींतले लाकडी जिने आणि गुळगुळीत फरशी आठवून पाहा. तिथल्या पुतण्याला कळवा, की फरशीवर गोणपाट नाहीतर सतरंजी टाक, जिन्यावर पिल्लू उचलून ने.

याबाबतीत तुमचं अंगण शहराच्या पुढं आहे. पण ते पिल्लू दिवसभर आखूड साखळीला असेल तर मातीचा काय उपयोग? मोकळं खेळू द्या. मोटारसायकलमागं पळवणं मात्र वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत टाळा.

ही चूक करू नका

माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅक तर गिधाडं मेल्यामुळे २००६ पासून जनावरांसाठी बंदच आहे. हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नका. लंगडणं एक-दोन दिवसांत थांबलं नाही तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि गरज पडल्यास एक्स-रे काढा. खुब्यासाठीच्या काही शस्त्रक्रिया लहान वयातच उपयोगी पडतात, म्हणून ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असंही नाही. वजन आटोक्यात, बेताचा व्यायाम आणि योग्य औषध यांवर कितीतरी कुत्री सुखानं जगतात.

पिल्लू अजून मुंबईतच असेल तर दादरहून परळ एकच स्टेशन. १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि लोक ज्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात तो बाई साकरबाई पेटिट दवाखाना तिथंच आहे. गावाकडच्यांसाठी शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

घेण्याआधी विचारा

२०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. विकणाऱ्याला आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. खुब्याचा दोष निघालेल्या कुत्र्याची पैदास करू नका, नाहीतर एका पिल्लाचं दुखणं गावभर पसरेल. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी पशुआरोग्य शिबिरात गाई-म्हशींबरोबर कुत्र्यांसाठीही तासभर राखून ठेवावा, तिथल्या डॉक्टरांकडून एवढं सगळं एका बैठकीत सांगून होईल.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी खूर बघतो. दाराशी बांधलेल्या मुक्या राखणदाराचा पायही त्याच दिवशी बघा.