चुंबकाच्या कुंपणातील ठिणगी

काटोलच्या बागांत मृग बहाराची संत्री माघ-फाल्गुनात पिकतात. त्या फळांतील गोडी ही मुळात सूर्याची देणगी होय. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे परस्परांस मिळून हेलियम बनतो व त्यातून अपार ऊर्जा बाहेर पडते. या क्रियेस 'संमीलन' असे म्हणतात.

हीच क्रिया पृथ्वीवर घडवून आणता येईल काय? १९५५ साली जिनीव्हा येथील जागतिक अणुपरिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले की, संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल. परंतु काम सोपे नव्हते. त्यासाठी दहा कोटी अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि इतकी उष्णता कोणत्याही भांड्यात साठविता येत नाही. अशा उष्णतेत अणू फुटून धनभारित आयन व ऋणभारित इलेक्ट्रॉन वेगळे होतात. या मिश्रणास 'प्लाझ्मा' म्हणतात. विद्युद्भार असलेले कण चुंबकरेषा सहसा ओलांडू शकत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी प्लाझ्माभोवती चुंबकाचे कुंपण घातले.

येथेच एक कोडे उभे राहिले. जे कुंपण आतल्यास बाहेर जाऊ देत नाही, ते बाहेरच्यासही आत येऊ देत नाही! यावर तोड निघाली ती अशी : विद्युद्भार नसलेले वेगवान अणू आत सोडावयाचे. त्यांवर चुंबकाची सत्ता चालत नाही. मात्र आत गेल्यावर ते फुटून आयन झाले नाहीत, तर पलीकडून निघून जातात. त्यांना तेथे अडविण्यासाठी आत आधीच थोडा प्लाझ्मा असावा लागतो.

चूल पेटविताना गृहिणी मोठ्या ओंडक्यास काडी लावीत नाही. आधी काटक्या पेटविते. तसेच हे आहे. काटक्यांचे काम आयनांची एक लहानशी तोफ करते. तिच्यातील टिटॅनियमच्या चकत्यांत जड हायड्रोजन मुरविलेला असतो. साठविलेली वीज एकदम सोडली की तो बाहेर पडून त्याचा प्लाझ्मा होतो व चुंबकरेषांच्याच वाटेने यंत्रात शिरतो. ही तोफ सेकंदाच्या काही सहस्रांशांपुरतीच चालते. ती अधिक काळ चालली, तर तिच्यातील थंड वायू आतील उष्णता हिरावून घेतो. अमेरिकेत लिव्हरमोर येथे १९७५च्या सुमारास याच रीतीने आयनांचे तापमान दहा कोटी अंशांच्या घरात गेले.

सर्व यंत्रे अशीच सुरू होतात असे नाही. गांधीनगरजवळ भारतीय शास्त्रज्ञांनी उभारलेले 'आदित्य' हे कड्याच्या आकाराचे यंत्र १९८९ साली सुरू झाले. त्यात वायूमधून विजेचा प्रवाह वाहवून प्लाझ्मा निर्माण करतात.

भाभांनी सांगितलेली वीस वर्षे केव्हाच सरली. २०२३ साली इंग्लंडमधील एका यंत्रात अवघ्या पंचमांश मिलिग्रॅम इंधनापासून सुमारे दोन किलो कोळशाइतकी ऊर्जा मिळाली. परंतु त्यासाठी खर्चलेली ऊर्जा त्याहून अधिक होती. संमीलनाच्या विजेवर अद्याप एकही घर उजळलेले नाही. ठिणगी पडली आहे. चूल मात्र अजून धरावयाची आहे.