हळदीची साक्ष

भातकापणीत बोटाला विळा लागला की कडावच्या शिवारातली बाई जखमेवर हळद दाबते आणि पुन्हा कामाला लागते. हा उपाय कुणाच्या मालकीचा, असे विचारले तर ती हसेल. पण मार्च 1995 मध्ये अमेरिकेने हळदीच्या याच गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले होते.

पेटंट हा एक सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती सविस्तर लिहून जगापुढे ठेवायची. बदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे ती इतरांनी परवानगीवाचून वापरायची नाही. त्यासाठी कायदा मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. शोध नवा हवा. त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा. आणि उद्योगात त्याचा उपयोग व्हायला हवा.

हळद पहिल्याच अटीत अडकली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटला आव्हान दिले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला परदेशातली वहिवाट पुरत नसे, छापील पुरावा लागे. परिषदेने 32 दाखले पुढे केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होता, तसाच भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकातला 1953 चा लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये हळदीवरचे दावे फेटाळले गेले. आपला 1970 चा पेटंट कायदा 2002 च्या दुरुस्तीपासून तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचीही दखल घेतो.

मात्र हीच अट आपल्यावरही उलटू शकते. समजा, कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या तरुणाने भात झोडण्याचे नवे यंत्र बनवले, जत्रेत चालवून दाखवले, वर्तमानपत्रात त्याची माहिती छापून आणली आणि मग अर्ज केला. तर तेच कात्रण त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहील. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजके अपवाद आहेत. तिथेही मुदत 12 महिन्यांचीच. म्हणून आधी पेटंट कार्यालयात अर्ज करावा, कौतुक मागाहून करून घ्यावे. यंत्राचे काम अपुरे असेल तर तात्पुरता तपशील देऊन तारीख राखता येते. पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो.

घरातल्या जाणत्या माणसांकडे असे कितीतरी उपाय आहेत. ते वेळीच वहीत उतरवून घ्या आणि छापून आणा. स्वतःची नवी युक्ती मात्र अर्जाची पावती हाती येईपर्यंत कुणाला सांगू नका.