विश्लेषण : आकाश बदलले, पण उजेड जुनाच? फोटो एडिटिंग शिकताना नेमके काय शिकावे?

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि त्यामागे केशरी सूर्यास्त. असा फोटो आता साध्या फोनवरही अर्ध्या मिनिटात तयार होतो. आकाश बदलून देणारी ॲप फुकट मिळतात, फोटो देखणा दिसतो, लाइकही मिळतात. अडचण एवढीच, की फोटोत दाखवलेले प्रत्यक्षात घडू शकत नाही. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. पटांगणातून त्याच्याकडे पाहणारा माणूस दक्षिणेकडे पाहत असतो आणि पुण्यात सूर्य दक्षिणेला मावळत नाही.

इफेक्ट देणे सोपे झाले आहे. तो पटेल असा देणे मात्र आजही शिकावेच लागते. ते शिकलेल्याला दुसऱ्याने केलेली बनवाबनवीही लवकर दिसते.

सुरुवात कुठून करावी?

फिल्टरपासून नव्हे, उजेडापासून. दिल्ली दरवाजाचेच उदाहरण घेऊ. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दरवाजाची समोरची बाजू दिवसभर सावलीत राहते आणि मागचे आकाश लख्ख असते. फोटोत मग एक तर दरवाजा काळा पडतो किंवा आकाश पांढरे फटक होते.

फोनच्या नेहमीच्या जेपीईजी फोटोत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. ० म्हणजे काहीच उजेड नाही, २५५ म्हणजे पूर्ण. आकाश एकदा २५५ ला टेकले की तिथल्या ढगांची नोंदच उरत नाही. नंतर ‘हायलाइट्स’ची पट्टी कितीही ओढली तरी पांढऱ्याचा फक्त करडा होतो. काळोख्या भागात मात्र तपशील बहुधा शिल्लक असतो. तो वर काढताना थोडे दाणे दिसतील, पण दगड दिसेल. म्हणून फोटो काढतानाच स्क्रीनवर आकाशाला बोट लावून उजेड कमी करायचा आणि दरवाजा नंतर एडिटिंगमध्ये उजळायचा. फोनमध्ये रॉ फाइलची सोय असेल तर ती वापरावी. १२ बिटच्या रॉमध्ये २५६ ऐवजी ४,०९६ पायऱ्या मिळतात.

लेयर आणि मास्क म्हणजे काय?

एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद म्हणजे लेयर. वरच्या कागदाचा कोणता भाग दिसावा हे ठरवतो तो मास्क. पांढरा मास्क दाखवतो, काळा झाकतो, करडा अर्धवट दाखवतो. सगळ्या एडिटिंगमधली ही सर्वात कामाची गोष्ट आहे. स्नॅपसीडमध्ये एखादा इफेक्ट ब्रशने हव्या तेवढ्याच भागावर रंगवता येतो, तोही मास्कच.

ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा चित्रण करायचे. एकच नट एका चौकटीत दोनदा दिसे तो असा. दादासाहेब फाळके तर स्वतः जादूचे प्रयोग करत, आपले नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून. त्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा पडद्यावर विरघळून कृष्णरूप होतो. या मूकपटाचा उरलेला भाग पुण्याच्याच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. पुढे पुण्यात आलेल्या ‘प्रभात’ने १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये महाराजांना वैकुंठाला नेणारे विमान पडद्यावर उडवले.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, पण तिच्यात लेयर नव्हते. ते आले १९९४ मध्ये. तोवर जोडलेले चित्र मूळ चित्रात कायमचे मिसळून जाई आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यातली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे थेट डार्करूममधून आलेली. कागदावर पडणारा उजेड हाताने अडवला की तो भाग फिका राही, जास्त वेळ पडू दिला की गडद होई.

‘मल्टिप्लाय’ आणि ‘स्क्रीन’ कशासाठी?

मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. पांढरा १ आणि काळा ० धरला, तर ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, म्हणून चित्र गडद होते. पांढऱ्याने गुणून काहीच बदलत नाही. त्यामुळे कागदावरची शाईची सही फोटोवर ठेवून हा मोड निवडला की कागद नाहीसा होतो, सही उरते. स्क्रीनचे उलटे, तिथे काळे नाहीसे होते. दिवाळीच्या आतषबाजीचा रात्रीचा फोटो दुसऱ्या फोटोवर अलगद बसतो तो याच मोडने, कात्री न लावता.

फसते कुठे?

बहुतेक वेळा उजेडाच्या दिशेत. सूर्य डावीकडे आणि सावलीही डावीकडेच, हे नजरेला खटकते, कारण सांगता आले नाही तरी. पावसाळ्यात सिंहगडावर काढलेल्या फोटोत उजेड ढगांतून गाळून येतो आणि ठळक सावली पडत नाही. तिथे निळेभोर आकाश चिकटवले की माणसे कापून लावल्यासारखी दिसतात. केसांच्या कडा, चष्म्यातले आणि पाण्यातले प्रतिबिंब, दोन फोटोंतल्या दाण्यांचा फरक, हेही पाहायला हवे. संशयास्पद फोटो पुढे पाठवण्यापूर्वी तपासायच्या जागाही याच. एआयने बनवलेली चित्रे यातल्या काही परीक्षांत आता सहज पास होतात, हे मात्र खरे.

मर्यादा कोणती?

कलेसाठी काहीही करावे, बातमीसाठी नाही. २००६ मध्ये बैरुतमधील हवाई हल्ल्याच्या एका फोटोत धुराचे लोट क्लोन टूलने वाढवल्याचे उघड झाले. रॉयटर्सने तो फोटो मागे घेतला आणि त्या छायाचित्रकाराबरोबरचे काम थांबवले. धूर खराच होता, वाढवला तेवढाच खोटा. दुसऱ्याचा चेहरा वापरायचा तर त्याची परवानगी हवी. मॉर्फ केलेले अश्लील चित्र पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मूळ फोटो कसा जपावा?

एडिटिंग नेहमी प्रतीवर करावे. जेपीईजी बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा तपशील जातो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचन पावते आणि त्यातली तारीख, कॅमेरा ही माहितीही गळून पडते. छपाईला किंवा स्पर्धेला द्यायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. लेयर असलेली फाइलही वेगळी ठेवावी. दिल्ली दरवाजामागचे आकाश उद्या परत बदलावेसे वाटले, तर तिचाच उपयोग होईल.