केसाहून बारीक टाका

बस्तर आणि गडचिरोलीच्या जंगलात माओवादी दलमचा, म्हणजे सशस्त्र तुकडीचा, एक नियम होता : लग्न करायचं तर आधी पुरुषाने नसबंदी करून घ्यायची. पुढे शस्त्र खाली ठेवलेल्यांपैकी काहींनी ती नस पुन्हा जोडून घेतली आणि त्यांच्या घरी पाळणाही हलला. बस्तरच्या माणसाचं मोठ्या इलाजाचं शहर म्हणजे रायपूर. तिथे युरॉलॉजिस्टकडे ‘नस जोडता येईल का?’ असं विचारणाऱ्याला सगळ्यात आधी एक गोष्ट कळायला हवी. नसबंदीने शुक्रजंतूंची वाट तेवढी बंद होते. ते तयार होणं थांबत नाही. वर्षानुवर्षं ते बनत राहतात आणि शरीर ते गुपचूप जिरवून टाकतं.

ती वाट म्हणजे शिजलेल्या शेवईएवढी नळी. बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाड, आणि आतलं भोक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर! म्हणून ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखाली होतं आणि टाक्यांचा धागा माणसाच्या केसाहून बारीक असतो. पूर्ण भूल किंवा कमरेतून भूल देतात. दोन ते चार तास लागतात.

मधेच एक विलक्षण क्षण येतो. सर्जन वृषणाकडचं टोक कापतो, तिथून झिरपलेला थेंब काचपट्टीवर घेतो आणि तिथल्या तिथे तपासतो. थेंबात शुक्रजंतू दिसले किंवा तो पाण्यासारखा स्वच्छ असला, तर दोन्ही टोकं थेट जोडायची. घट्ट असला आणि त्यात शुक्रजंतू नसले, तर अडथळा आणखी मागे आहे असं समजायचं. मग नस जोडायची ती वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाला. हे काम त्याहून अवघड. अधिवृषणातली नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल!

पेशंट बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. थोडी सूज, निळसरपणा, ठणका अपेक्षितच. बर्फाचा शेक आणि घट्ट लंगोट यांनी आराम पडतो. बसून करायचं काम काही दिवसांत सुरू होतं. वजन उचलणं आणि शरीरसंबंध मात्र डॉक्टर सांगतील तितके आठवडे बंद. ताप आला, सूज वाढत गेली किंवा जखमेतून पू आला, तर लगेच दवाखाना गाठायचा.

नंतर वाट पाहायची. दीड-दोन महिन्यांनी वीर्यतपासणी सुरू होते. शुक्रजंतू दिसायला कधी काही महिने, तर अधिवृषणाच्या जोडणीनंतर वर्षही लागतं.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडणी केलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्रजंतू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. पंधरा वर्षं उलटलेल्यांत हेच आकडे ७१ आणि ३० टक्के होते. पत्नीचं वयही तितकंच मोलाचं.

तेव्हा निर्णय घ्यायचाच असेल तर रेंगाळू नका. आधी पत्नीची तपासणी करून घ्या आणि सर्जनला दोन प्रश्न विचारा : सूक्ष्मदर्शकाखाली करणार ना? आणि वेळ पडली तर अधिवृषणाची जोडणी तुम्हाला येते ना?