सफरचंदावरचं मेण खरवडून काय कळतं?

सफरचंदावर सुरी फिरवायची, पांढरा भुगा निघाला की म्हणायचं, "बघा, विष!" हा व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. आमच्याकडे आला आणि आईने महिनाभर सफरचंदं आणणंच बंद केलं. म्हणून आजचा हा भाग.

आधी मेण. सफरचंद स्वतःच सालीवर मेण तयार करतं, त्यामुळे आतलं पाणी टिकतं. तोडणीनंतर फळं धुताना त्यातलं थोडं निघून जातं, म्हणून वरून पातळ थर देतात. आपल्याकडे एफएसएसएआयची परवानगी आहे ती मधमाश्यांचं मेण, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण आणि शेलॅक, म्हणजे आपली लाख, यांना. लेबलवर तसं लिहावंही लागतं. द्राक्षांवरची सगळीकडे सारखी पसरलेली पांढुरकी पावडर? तेही बहुतेक वेळा द्राक्षाचं स्वतःचं मेणच.

मग काळजीची गोष्ट कुठली? फवारणीचे अंश. आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकामुळे. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम! नाशिकच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. हे लॅबमध्ये सापडलं, सुरीने कधीच सापडलं नसतं.

बरं, मग धुऊन जातं का? अर्धं उत्तर 'हो'. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २०१७ मध्ये सफरचंदावर दोन औषधं लावून बघितली. खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध निघून गेलं. पण थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक २४ तासांत सुमारे २० टक्के आत मुरलं होतं. ते धुऊन जात नाही. त्याचा बंदोबस्त शेतातच होतो: शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरलेले दिवस थांबायचं.

आपल्या हातात काय? फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वेळ असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घाला, पंधरा मिनिटांनी पुन्हा धुवा. साबण नको. शंका वाटली तर साल काढा, फक्त सालीतला फायबरही जाईल, एवढं लक्षात ठेवा.

पण फळं बंद करू नका. मेण दिसतं म्हणून आपण घाबरतो आणि जे दिसत नाही त्याबद्दल विचारतच नाही. आईला मी हेच सांगितलं. आता घरात सफरचंदं परत आलीत, सोड्याच्या पाण्यात!