चुनखडीच्या पोटात नवा गडी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये वर कुरणांत मेंढ्या चरतात आणि खाली पाण्याने चुनखडी झिजवून भुयारांचं जाळं विणलेलं आहे. तिथलं ‘थ्री काउंटीज’ गुहासंकुल 80 किलोमीटरहून लांब आहे. अशा अंधारात अनोळखी माणसाला न्यायचं आणि हळूहळू आपल्यातला करून घ्यायचं, हे काम तिथले केव्हिंग क्लब पिढ्यान्‌पिढ्या हौसेने करत आले आहेत. क्रेव्हन पॉटहोल क्लब 1929 चा, तर ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब 1933 चा.

नवख्याने सगळं सामान विकत घेऊनच यावं, अशी अपेक्षा सहसा नसते. हेल्मेट, दिवा आणि अंगभर झाकणारा सूट बहुधा क्लबच देतो. पहिली फेरी अनेकदा सेलसाइडजवळच्या लाँग चर्न गुहेत होते. घोटाभर गार पाण्यातून चालत गेलं, की ‘चीज प्रेस’ नावाची बुटकी फट लागते. छत इतकं खाली, की पोटावर सरपटावं लागतं. कोणी अडकलं, तर पुढचा जुना गडी शांतपणे सांगतो, ‘मान वळव, श्वास सोड.’ श्वास सोडला की छाती आकसते आणि वाट मिळते. जमणार नसेल, तर बाजूने दुसरी वाट आहे. ती धरणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही आणि मला हीच या परंपरेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

दोराचं शिक्षण मात्र उजेडात, एखाद्या झाडाला किंवा व्यायामशाळेच्या तुळईला दोर बांधून होतं. छातीवरचं आणि हातातलं दोर पकडणारं साधन आळीपाळीने वर सरकवत चढायचं; मग लटकत असतानाच साधनं बदलून उतरायचं. हे हाताच्या सवयीचं झाल्यावरच खोल विवराची पाळी येते.

गुहेत शिरण्यापूर्वी कोण, कुठे, किती वाजेपर्यंत परतणार, हे बाहेरच्या कुणाला तरी सांगून ठेवतात. उशीर झालाच, तर पोलिसांमार्फत बचावपथकाला हाक जाते. क्लॅपहॅमचं ‘केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन’ 1935 पासून हे काम करतं. त्याचे स्वयंसेवक बहुतांशी अशाच केव्हर मंडळींतले असतात. म्हणजे आज ज्याच्यासाठी सोबती घड्याळाकडे डोळे लावून बसतात, तोच उद्या दुसऱ्याला शोधायला खाली उतरू शकतो.

याच डेल्समधल्या गेपिंग गिलच्या साधारण 98 मीटर खोल विवरात 1895 साली फ्रेंच संशोधक मार्तेल दोरशिडीने उतरला. आता क्रेव्हन आणि ब्रॅडफर्ड हे दोन्ही क्लब दरवर्षी ठरावीक दिवशी तिथे विंच लावतात आणि खुर्चीत बसवून सर्वसामान्यांना तळाशी सोडतात. त्यासाठी माळावर सामान चढवणं, ओढ्याचं पाणी वळवणं, खाली उतरलेल्यांना वाट दाखवणं अशी ढीगभर कामं असतात आणि तिथे प्रत्येक हात लागतो.