ओल्या कचऱ्याचा रिअ‍ॅक्टर

रसायनीत रिअ‍ॅक्टर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या ‘एचओसी’चा, कारखाना इथे उभा राहिला आणि कितीतरी घरांतली माणसं शिफ्टला जाऊ लागली. जोडीला पाताळगंगा एमआयडीसी. कच्चा माल किती, कशाबरोबर, ओलावा किती, तापमान किती, हवा द्यायची की कोंडायची, यातलं एक चुकलं की बॅच गेली. हेच गणित भाजीच्या देठांना लावलं की खत होतं. नाही लावलं तर काळा चिखल होतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

ओल्या कचऱ्यापासूनच सुरुवात का? घरातल्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास तोच असतो आणि बाकीच्या निम्म्याची माती तोच करतो. पाण्याची बाटली घ्या. पाताळगंगेला रिलायन्सच्या कारखान्यात १९८२ पासून पॉलिएस्टर बनतं, आणि बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, हे मुळात तेच पॉलिमर. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ आकडा असतो तो त्याचाच. स्वच्छ बाटली कापून, धुऊन, वितळवून तिचा पुन्हा धागा काढता येतो. तिच्यावर कालची आमटी सांडली की भंगारवाला तोंड फिरवतो. पुठ्ठ्याचं, दुधाच्या पिशवीचंही तसंच. २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक (बॅटऱ्या, रंगाचे डबे, कीटकनाशकाचे कॅन) असे तीन भाग घरातच करायला सांगितले होते. घंटागाडीत बसून हे वेगळं करणं शक्य नसतं. चिप्सच्या चकचकीत पाकिटांबद्दल मात्र कुणी आशा दाखवू नये. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवणं परवडत नाही. ती घरात कमी आणणं एवढाच उपाय.

आता रिअ‍ॅक्टर. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घासून घ्या. बुडाला आणि चहूबाजूंनी पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा. डबा दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनं ताट सरकवा. तळाशी करवंटीचे तुकडे किंवा काड्या, म्हणजे बुडाची भोकं बुजत नाहीत. झाकण हवंच, पण घट्ट नको. असे दोन डबे लागतात. एक भरत असताना दुसरा पिकत असतो.

कच्चा माल दोन प्रकारचा. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि शरीर बांधायला नायट्रोजन. साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असला की त्यांचं काम झपाट्याने चालतं. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा यांत नायट्रोजन आणि पाणी जास्त. वाळका पाला, पेंढा, पुठ्ठा यांत कार्बन. तराजू नको. एक वाटी ओलं टाकलं की निदान एक वाटी, पावसाळ्यात दीड ते दोन वाट्या सुकं त्यावर. शेवटचा थर नेहमी सुक्याचा. उघडं ओलं दिसलं की चिलटं आलीच. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा थोडा शेणकाला घातला की पुरतो, विकतच्या पावडरीवाचून काही अडत नाही.

खरी अडचण इथे पावसाची आहे. खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत डबा पागोळीपासून लांब ठेवला तरी हवाच इतकी दमट की आतलं सुकत नाही, आणि नेमका तेव्हा कोरडा पालाही मिळत नाही. म्हणून पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळतात, रस्त्याकडेला ढीग लागतात आणि बरेचदा पेटवले जातात. राबासाठी शेतकरी पाला जाळतो त्याला निदान भाताच्या रोपांचं कारण आहे. कॉलनीच्या फाटकाशी धूर करण्याला काय कारण? तोच पाला गोणीत भरून ठेवा. सागाचं पान मोठं आणि चिवट, तसंच टाकलं तर थरावर छत्रीसारखं बसतं, तेव्हा वाळकं असतानाच चुरा. पेंढा वीतभर तुकडे करून. गिरणीतलं तूस मिळालं तर थोडं मिसळा, त्याने पोकळी राहते. पण त्यात सिलिका भरपूर, ते कुजायला फार वेळ घेतं, म्हणून सगळी मदार त्याच्यावर नको.

दर चार-पाच दिवसांनी काठीने खालवर करा. हवा खेळली की ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू काम करतात आणि ढीग आतून गरम होतो. मोठ्या ढिगात पारा पंचावन्न-साठ अंशांवर जातो, डब्यात तेवढा जात नाही, तरी चालतं. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जीवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. डम्पिंगच्या ढिगात हेच घडतं, वर मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता अडवतो. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झाला. औषध दोन्हींवर एकच: सुका पाला आणि काठी. ओलावा बघायला मूठभर घेऊन पिळा. एखाद-दोन थेंब ठीक, धार लागली तर पाला कमी पडला, काहीच ओलं लागलं नाही तर पाणी शिंपडा.

पांढरी बुरशी दिसली तर काम चालू आहे. करड्या, चपट्या अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. त्या बहुधा एका काळ्या माशीच्या असतात. ती माशी चावत नाही, अन्नावर घोंघावत नाही, आणि अळ्या कचरा भराभर फस्त करतात. झाकून पुढे चला. मासळीची आतडी आणि कोळंबीची सालं मात्र डब्यात नकोत, मांजरं डबा उलटवतील. अंगण असेल तर हातभर खड्डा करून नारळाच्या आळ्याजवळ पुरा. मासे धुतलेलं पाणी झाडाला घालायची रीत कोकणात आहेच.

भरलेला डबा अडीच-तीन महिने पिकू द्या, पावसाळ्यात अजून थोडे. माल तिसऱ्या हिश्श्यावर येतो, काळपट होतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो; तो मातीतल्या विशिष्ट जीवाणूंनी केलेल्या जिओस्मिनचा. चाळणीतून चाळा, वरचा चोथा नव्या डब्यात विरजण म्हणून टाका. खाली पडलेलं खत हाताला गरम लागत असेल तर आणखी पंधरा दिवस ठेवा, नाहीतर कोवळी मुळं करपतील. कुंडी भरताना एक भाग खत आणि दोन भाग माती. नुसत्या खतात मिरची लावली तर पानं माजतात आणि मिरच्या लागत नाहीत.